ताम्हिणीच्या पावसात मोडेम: डेटा लॉगर पुण्यातून वाचण्यासाठीचे आठ आठवडे

मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे, एका ओढ्यावर पर्जन्यमापक आणि पाणीपातळीचा सेन्सर आहे. शेजारच्या डब्यातला डेटा लॉगर दर १५ मिनिटांनी दोन्हींची नोंद ठेवतो. मागच्या पावसाळ्यापर्यंत दर पंधरवड्याला कोणीतरी लॅपटॉप घेऊन जायचं, डबा उघडायचा, केबल लावून नोंदी उतरवायच्या, असा प्रकार होता. भर जुलैत तिथे डबा उघडला की लॉगरला वर्षभरात लागला नसेल एवढा ओलावा दोन मिनिटांत आत जातो. म्हणून यंदा लॉगरला मोबाईल मोडेम जोडला, म्हणजे सिम घालून मोबाईल नेटवर्कवरून नोंदी पाठवणारं यंत्र. १७ एप्रिलला पाहणी केली आणि नोंदी बिनचूक यायला लागल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. असं काम अंगावर घेणाऱ्याला आमचा वेळ वाचवता यावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पाहणीला तीन कंपन्यांची सिमं घातलेले फोन नेले. फोनवरच्या सिग्नलच्या काड्यांवर जाऊ नका. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नल डीबीएम या एककात दिसतो, तो आकडा वहीत लिहा. तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. अँटेना जमिनीवर नव्हे, तीन मीटरच्या खांबावर बसणार होता. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून फोन बांबूला बांधला आणि तेवढ्या उंचीवर पाच मिनिटं धरला. एका कंपनीचा सिग्नल जमिनीपाशी उणे ११२ होता, तो वर उणे १०१ झाला. दुसरीचा वरही उणे ११९ च्या पुढे सरकेना. तिसरीचं नेटवर्कच नव्हतं. मधल्या कड्याने तिचा टॉवर पुरता झाकलेला. फोरजीमध्ये उणे १०० च्या आसपास काम निभावतं, उणे ११५ च्या खाली रोज रडारड.

पण एप्रिलच्या कोरड्या हवेतला आकडा अर्धंच सांगतो. पावसाळ्यात घाटमाथ्यावर फीडर, म्हणजे विजेची मुख्य लाईन, पडला की लाईट दोन-दोन दिवस येत नाही. टॉवरची बॅटरी संपते, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी रस्ता खुला झाल्यावरच पोचते. म्हणून गावातल्या किराणा दुकानात सरळ विचारलं, ‘मावशी, लाईट गेल्यावर कुठल्या कंपनीचा फोन चालतो?’ त्यांनी हातातला फोनच पुढे केला. ‘ह्याचा. बाकीचे सांजच्यालाच झोपत्यात.’ नशिबाने तीच उणे १०१ वाली कंपनी निघाली. दुसरी निघाली असती, तर उंच खांब आणि एकाच दिशेला रोखलेला यागी अँटेना लावून तीच घेतली असती.

मग मोडेम. तपकीर गल्लीत टूजी मोडेमचं सुटं मॉड्यूल काही शे रुपयांत मिळतं आणि इंटरनेटवरची निम्मी प्रात्यक्षिकं त्याच्यावरच आहेत. दोन कारणांनी ते टाळलं. जिओचं टूजी नेटवर्क मुळात नाही, त्यामुळे एक पर्याय आधीच बाद होतो. दुसरं कारण विजेचं. टूजीवर पाठवताना मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं आणि त्याला व्होल्टेज लागतं ३.४ ते ४.४ च्या मधलंच. त्याला ०.२ चौरस मिलिमीटरच्या वायरने तीन मीटरवरून वीज दिली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास होतो. २ अँपिअरला तिथेच एक व्होल्ट गळतो. ४ चे ३ झाले की मॉड्यूल रीसेट होतं, पुन्हा नेटवर्क शोधतं, पुन्हा प्रवाह ओढतं, पुन्हा रीसेट. माणूस मात्र सिमला दोष देत बसतो. सुटं मॉड्यूल वापरायचंच असेल तर वायर जाड आणि आखूड ठेवा, आणि अगदी पिनांजवळ किमान १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

आम्ही फोरजी कॅट-वन प्रकारचा, ९ ते ३६ व्होल्टवर चालणारा, आरएस २३२ आणि आरएस ४८५ असे (तारेने डेटा देण्याघेण्याचे) दोन्ही पोर्ट असलेला औद्योगिक मोडेम घेतला. ६,२०० रुपये पडले. कॅट-वनचा वेग कमी असतो, पण आपल्याला दर तासाला चार ओळी पाठवायच्या आहेत, सिनेमा नाही. घेण्याआधी आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, तपासला: संदेशात केवायएम, मग एक जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, आणि तो १४४२२ ला पाठवायचा. नंबर खोटा किंवा दुबार असेल तर तिथेच कळतं.

सिमच्या कागदपत्रांना सगळ्यात जास्त दिवस गेले. यंत्रात घालायचं सिम हे एमटूएम (मशीन-टू-मशीन, यंत्राने यंत्राशी बोलण्याचं) सिम असतं. त्याचा नंबर १० नव्हे, १३ आकडी. ते संस्थेच्या नावावर निघतं. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि आधार, लेटरहेडवर वापराचं कारण, उपकरणाचा आयएमईआय आणि बसवण्याच्या जागेचा पत्ता, एवढं आमच्याकडे मागितलं. आयएमईआय अर्जातच लागतो, म्हणून आधी मोडेम आणि मग सिम. अर्ज २२ एप्रिलला दिला. ‘सात दिवस धरा’ असं सांगितलं होतं. सिम हातात पडलं १३ मेला. मध्ये अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा लेटरहेडवर नवा पत्ता आणि जीएसटी प्रमाणपत्रावर जुना म्हणून. दुसऱ्यांदा जागेच्या पत्त्यात गट नंबर होता पण पिनकोड नव्हता म्हणून. ओढ्याला कसला पिनकोड, असा वाद घालण्यात अर्थ नाही. जवळच्या टपाल कार्यालयाचा टाकून मोकळं व्हायचं.

त्या अर्जात एक रकाना जपून भरावा लागतो. एमटूएम सिमवर बोलणं, एसएमएस आणि डेटा हे सगळं आधी ठरवून दिलेल्या ठिकाणांपुरतंच चालू असतं. एसएमएस कोणत्या नंबरांवरून येणार आणि डेटा कोणत्या आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर) जाणार, ते आधीच लिहून द्यायचं. आमचा सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर होता आणि मशीन बंद करून चालू केलं की त्याचा पत्ता बदलायचा. ते वेळीच लक्षात आलं म्हणून स्थिर पत्ता घेऊन तोच अर्जात लिहिला. नाहीतर एखाद्या रात्री सर्व्हर अपडेट झाला असता आणि मोडेम बंद दारावर टकटक करत राहिला असता. आणखी एक गंमत: आमच्या डेटा प्रणालीत उपकरणाचा मोबाईल नंबर टाकायची जी चौकट होती, ती १० च्या पुढे आकडाच घेईना. शेवटी तो नंबर शेरा म्हणून लिहून ठेवला.

सिम येईपर्यंत कोथरूडच्या ऑफिसात टेबलावर, संस्थेच्या नावावरच्या साध्या सिमने चाचणी चालू ठेवली. पहिला दीड तास केबलने खाल्ला. लॉगरचा आरएस २३२ पोर्ट संगणकाला जोडण्यासाठी केलेला असतो, आणि मोडेमचाही. दोघंही एकाच पिनेवर बोलतात आणि दुसऱ्या एकाच पिनेवर ऐकतात. सरळ केबलने जोडलं की दोघं एकमेकांच्या तोंडावर ओरडतात, ऐकत कोणीच नाही. २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट केलेली केबल लागते. केबलवर संशय असेल तर तिचं एक टोक संगणकाला लावून दुसऱ्या टोकाला २ आणि ३ पिना स्क्रूड्रायव्हरने जोडा; टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं तर निदान संगणकापासून तिथवर वाट मोकळी आहे. त्यानंतर दोन्हीकडे वेग सारखा ठेवणं, ९६०० किंवा ११५२००, आणि तीनच तारा वापरत असाल तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जादा तारांवरून ‘थांब, पाठव’ सांगण्याची सोय) बंद करणं.

मोडेमशी बोलायचे आदेश सगळे ‘एटी’ने सुरू होतात. नुसतं एटी दिल्यावर ओके आलं की तो जागा आहे. एटी+सीपीआयएन? ला ‘रेडी’ यायला हवं. सिमला पिन लावलेला असेल तर तो फोनमध्ये घालून आधीच काढून टाका. एटी+सीएसक्यू ० ते ३१ च्या मधला आकडा देतो. त्याची दुप्पट करून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात, म्हणजे १६ आला तर उणे ८१. ९९ आला तर सिग्नल मोजताच आला नाही. हा आकडा आणि फोनवरचा फोरजीचा आकडा यांची तुलना करू नका. फोन एकट्या संदर्भ-लहरीची ताकद दाखवतो, सीएसक्यू पूर्ण पट्ट्यातली एकत्र ताकद. त्यामुळे त्याच जागी मोडेमचा आकडा वीसेक डीबीने बरा दिसतो आणि उगाच हुरूप येतो. एटी+सीईआरईजी? ला ०,१ आलं की नोंदणी झाली. ०,२ म्हणजे शोध चालू आहे. ०,३ म्हणजे नेटवर्कने दार लावलं. तेव्हा अँटेना हलवून उपयोग नाही, सिम चालू झालंय का ते विचारा. शेवटी एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटा नेटवर्कच्या प्रवेशदाराचं नाव. साध्या सिमचं आणि एमटूएम सिमचं एपीएन वेगळं असतं. सिम बदललं की ते बदलायचं राहतं. आमचंही राहिलं.

घड्याळाचं एक सांगून ठेवतो. एटी+सीसीएलके? विचारलं की नेटवर्कची वेळ मिळते आणि शेवटी +२२ असं काहीतरी दिसतं. ते तास नव्हेत, पाव तास आहेत: २२ पाव तास म्हणजे साडेपाच तास, आपली प्रमाणवेळ. आमच्या पहिल्या कोडने ते तास धरले आणि लॉगरचं घड्याळ कित्येक तासांनी भरकटलं.

इथे एक ठरवावं लागतं, आणि बाकीचं सगळं त्यावर बेततं: आपण लॉगरला हाक मारायची, की लॉगरने आपल्याला? पुण्यातून हवं तेव्हा जोडून नोंद वाचायची, हे ऐकायला छान वाटतं. पण मोबाईल कंपनी मोडेमला खासगी पत्ता देते. एटी+सीजीपीएडीडीआर विचारलं तर १० ने किंवा १०० ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तो कंपनीच्या आतला आहे, बाहेरून तिथे पोचता येत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता हवा तर वेगळा करार, वेगळे पैसे. शिवाय हाक ऐकायला मोडेम चोवीस तास जागा ठेवावा लागतो. आम्ही उलटं केलं. वही लॉगरकडे, मोडेम फक्त पोस्टमन. लॉगर प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक देतो. दर तासाला ७ व्या मिनिटाला मोडेमला वीज देऊन न पोचलेल्या नोंदी पाठवतो. सर्व्हरकडून पोच आली तरच ‘इथवर पोचलं’ ही खूण पुढे सरकते. आणि रोज सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी मोडेम पूर्ण १० मिनिटं जागा राहतो. त्या वेळात लॉगर सर्व्हरवर ठेवलेल्या सूचना उचलतो. ही १० मिनिटं पुढे फार कामाला आली.

विजेचा हिशेब असा. मोडेम १२ व्होल्टवर सरासरी १५० मिलिअँपिअर घेतो. दिवसभर जागा ठेवला तर ३.६ अँपिअर-तास. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही असं धरलं, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची स्कूटरछाप बॅटरी उन्हाशिवाय एक दिवससुद्धा टिकत नाही. तासाला ३ मिनिटंच चालू ठेवला तर दिवसाचे ०.१८, लॉगरचे ८ मिलिअँपिअर सतत, म्हणजे ०.१९, मिळून ०.३७. आम्ही १८ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली, तिचा निम्मा भाग ९. म्हणजे सूर्य अजिबात न दिसता २४ दिवस. ताम्हिणीच्या जुलैला हा आकडा चैनीचा नाही. पॅनेल २० वॅटचं, दक्षिणेकडे तोंड, ३० अंशाचा उतार. पुण्याच्या अक्षांशाप्रमाणे १८-१९ अंश पुरतात, पण उतार जास्त असला की शेवाळ आणि पानं टिकत नाहीत. बॅटरी, पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर मिळून ४,६५० रुपये झाले.

२४ मेला बसवणी. सकाळी सातला निघालो, कारण मे अखेर दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही आणि विजा कडाडत असताना लोखंडी खांबाला हात लावायचा नसतो. खांबाला अर्थिंग, अँटेनाच्या केबलला सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारा जोड. डब्यात शिरणाऱ्या सगळ्या केबली तळातून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या जोडातून), आणि ग्लँडच्या आधी प्रत्येकीला खाली झोळ दिलेला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. रिकामं ग्लँड राहिलं तर बूच लावा. मुंग्यांना तेवढीच वाट पुरते. उघड्या केबली माकडं सोलतात, म्हणून सगळ्या कंड्युटमध्ये, म्हणजे नळीत.

अँटेना लावला आणि सीएसक्यू ४ आला. जोड घट्ट, केबल नवी. सोडवून पाहिल्यावर दिसलं की अँटेनाच्या स्क्रूत मधली पिनच नाही, छिद्र आहे. आणि मोडेमच्या तोंडातही छिद्रच. तो वायफायचा अँटेना होता, आरपी-एसएमए जोडणीचा. आटे तंतोतंत बसतात, हाताला काही वेगळं जाणवत नाही आणि आत तांब्याला तांबं लागतच नाही. दुकानातच पिन डोळ्यांनी बघून घ्या. सुदैवाने मोडेमबरोबर आलेला चुंबकाचा छोटा अँटेना गाडीत होता, त्याने १३ आले. मात्र त्याची बारीक आरजी १७४ केबल मीटरमागे सुमारे एक डीबी खाते. तीन मीटरला निम्मी ताकद केबलमध्येच गेली. पुढच्या फेरीत योग्य जोडणीचा अँटेना आणि पाच मीटर एलएमआर २०० केबल लावली, १,४५० रुपये. तेव्हा १६ झाले. बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. साधी काळी इन्सुलेशन टेप पहिल्या पावसातच सुटते.

निघण्याआधी पर्जन्यमापक तपासला. नरसाळ्याचा व्यास २०० मिलिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ३१.४ मिलिलिटर पाणी. आतली बादली ०.२ मिलिमीटरला एकदा उलटते, म्हणजे ६.२८ मिलिलिटरला. ६२८ मिलिलिटर मोजून घ्या आणि बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून अर्ध्या तासात ठिबकू द्या. शंभर टिचक्या यायला हव्यात. आमच्या ९८ आल्या. पाणी भसकन ओतलं तर बादली उलटत असताना पडणारं पाणी मोजलं जात नाही आणि आकडा कमी येतो. दुपारी बाराच्या नोंदीपासून अनुक्रमांक १ केला आणि डबा बंद.

पहिले दहा दिवस सगळं सुरळीत. मग पाऊस लागला आणि दर तासाची खेप यायची थांबली. रोज फक्त अकराची यायची, आणि तिच्यात आदल्या दिवसभराच्या ९६ नोंदी एकदम. म्हणजे लॉगर ठीक, सेन्सर ठीक, सिमही ठीक. फरक एवढाच, की अकराला मोडेमला १० मिनिटं मिळत होती आणि इतर वेळी ३. लॉगर ३ मिनिटं झाली की मोडेमची वीज सरळ तोडत होता. असं झटक्यात बंद केलं की मोडेम शेवटचा टॉवर लक्षात ठेवत नाही आणि पुढच्या वेळी सगळे बँड नव्याने पालथे घालतो. टेबलावर याला २० सेकंद लागत होते. पावसात, जवळचा टॉवर मान टाकत असताना, चार मिनिटं. अकराच्या खिडकीतूनच तीन बदल सोडले: कमाल वेळ ६ मिनिटं, पण पोच आली की लगेच बंद, बंद करण्याआधी एटी+सीपीओएफ देऊन १० सेकंद थांबणं (हा आदेश मोडेमच्या कंपनीप्रमाणे बदलतो), आणि ओळीने तीन वेळा अपयश आलं की पुढचा प्रयत्न तीन तासांनी. आता बहुतेक खेपा मिनिटभरात उरकतात. रोज सगळ्याच्या सगळ्या सहा मिनिटं लागल्या तरी दिवसाचा खर्च ०.५५ आणि बॅटरी १६ दिवस.

बेरजेचाही एक घोळ निघाला. आमचा दिवसाचा पाऊस आणि गावात हाताने मोजलेला पाऊस जुळेना. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. आमचा सर्व्हर मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज करत होता, तीही ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. बेरीज साडेआठची केल्यावर फरक दोन-तीन मिलिमीटरवर आला.

२३ जूनला सकाळी ९ वाजून ७ मिनिटांची खेप आली आणि मग सगळं गप्प. गावात फोन केला तर तोही लागेना, म्हणजे टॉवरच गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ७ मिनिटांनी पडद्यावर ओळी सरकायला लागल्या: २८७० पासून २९९३ पर्यंत, १२४ नोंदी, मधला एकही आकडा गळलेला नाही. ओढ्याची पातळी त्या ३१ तासांत चढून उतरलीसुद्धा होती.

आता महिन्यातून एकदा जावं लागतं: नरसाळ्यातली पानं काढायची, डब्यातला ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी गुलाबी झाली असेल तर निळी ठेवायची आणि ग्लँड हाताने पिळून बघायची. तेवढ्यासाठीही दोन दिवस कोरडे बघूनच निघतो.